त्याच्या पटावरच्या माझ्या खेळ्या

तो पोस्टाच्या पेटीसमोर उभा होता, आणि पेटीच्या फटीत अर्धं कार्ड घालून तसाच थांबला होता. त्याच्यामागे मी. हातात प्रुफांचं जाडजूड पाकीट, खांद्यावर पिशवी आणि डोक्यात ऑफिसला उशीर झाल्याचा राग. त्याने कार्ड आत सरकवलं... पुन्हा बाहेर काढलं. वाचलं. पुन्हा आत सरकवलं. पुन्हा बाहेर.

"अहो, टाका ना ते!" मी म्हटलं.

"हो हो, एकच मिनिट—" तो मागे न बघताच म्हणाला, आणि कार्डाकडे बघत राहिला.

ते एक मिनिट संपलं. पुढचंही संपलं. मग माझ्याच्याने राहवेना. मी हात पुढे केला आणि बाहेर उरलेल्या त्या अर्ध्या कार्डाला बोटाने एक ढुशी दिली. टप्! कार्ड पेटीच्या पोटात.

आता तो वळला. उंच, किडकिडीत, चष्मा नाकावर घसरलेला. चेहरा असा, की जणू मी त्याचं राहतं घर विकून टाकलंय.

"मी हत्ती हलवणार नव्हतो," तो म्हणाला.

"काय?"

"कार्डावर हत्तीची खेळी लिहिली होती. मी ती बदलणार होतो. उंट... बहुतेक उंटच."

त्याने मग समजावून सांगितलं. तो पत्राने बुद्धिबळ खेळायचा. आपली खेळी कार्डावर लिहून पाठवायची, समोरच्याने त्याची लिहून पाठवायची, आणि असा एकेक डाव वर्षानुवर्षं चालायचा. वर्षानुवर्षं! माझा तर बस येईपर्यंत धीर निघत नाही.

"मग दुसरं कार्ड टाका," मी म्हटलं. "पहिलं चुकून गेलं म्हणून लिहा."

"तसं चालत नाही. पेटीत पडलं म्हणजे खेळलं."

"पण ते माझ्या बोटाने पडलं!"

"नियमांत बोटाबद्दल काही नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. "हरलात तर माझ्या नावाने बोटं मोडा," असं म्हणून मी माझं पाकीट टाकलं आणि चालू लागले. कोपऱ्यावर वळताना पाहिलं, तर तो वाकून पेटीच्या फटीत डोकावत होता. डोळे मात्र छान होते त्याचे. तो विचार मी तिथेच झटकून टाकला.

त्याच आठवड्यात मालकांनी मला बोलावलं. आमच्या प्रकाशनाचे हे मालक कधी कसलं पुस्तक काढतील याचा नेम नाही. त्यांनी मागे कुलपांवर एक ग्रंथ काढला होता. तो गोदामात अजून आमच्या उरावर बसलाय.

"पत्राने खेळायच्या बुद्धिबळाचा इतिहास आणि सराव," मालक हात चोळत म्हणाले. "कसा आहे विषय?"

"कोण वाचणार, मालक?"

"तू वाचणार. संपादन तुझ्याकडे. हे बघ, लेखक आलेच."

दारात तो! बगलेत कागदांचा गठ्ठा आणि चष्मा पुन्हा नाकावर घसरलेला.

"तुमची ओळख करून देतो—" मालकांनी सुरुवात केली.

"ओळख आहे," तो म्हणाला. "यांनी माझा हत्ती हलवला."

त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्या पलीकडे. मी त्याला मनात चष्मेवाला म्हणायला लागले. फ्रेमांच्या कपाटामागे एक पट मांडलेला असायचा. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यावर विचार करायचा, म्हणे. गिऱ्हाईक असतानाही तो तेच करतो, हे मला लवकरच कळलं.

आणि संपादन! काय सांगू? एखादं वाक्य कापू का म्हणून विचारलं, की हा म्हणणार, "विचार करून सांगतो." मग चार-पाच दिवसांनी येणार आणि कापायचं की नाही याची दोन्ही बाजूंची कारणं पुढ्यात मांडणार. मधल्या काळात मी ते वाक्य कापून, पुन्हा जोडून, कंटाळून पुढे गेलेली असायचे. प्रत्येक प्रकरणाचं असंच भिजत घोंगडं. माझ्या नाकीनऊ आले.

पण एक कबूल करायला हवं. वाचायला बसलं की ते पुस्तक हातातून सुटायचं नाही. एकेक खेळी जहाजातून महिनोन् महिने प्रवास करायची ते दिवस होते त्यात. एक शहर दुसऱ्या शहराशी खेळायचं, आणि पत्र आलं की माणसं गोळा होऊन वाद घालायची. लढाईच्या काळात तर टपाल तपासणारे लोक ही कार्डं अडवून ठेवायचे, गुप्त संदेश असेल या भीतीने. आणि एकमेकांचं तोंडही न पाहता उभं आयुष्य खेळलेली माणसं होती... त्या पानांशी माझा चहा हमखास निवायचा. इतकं सुंदर लिहिणारा माणूस तोंडाने इतका कंजूष कसा?

"तुम्ही डोळे बारीक करून वाचता," एकदा तो म्हणाला.

"मुळीच नाही."

"बसा."

बसले. त्याने ती तपासणीची जड फ्रेम माझ्या नाकावर चढवली आणि एकेक काच घालून बघायला लागला.

"ही बरी, की ही?"

"ही."

"नीट बघा."

"नीटच बघतेय. ही!"

"इतक्या पटकन कसं कळतं तुम्हाला?"

"दिसतं म्हणून कळतं! तुम्हाला दिसत नाही का कधी काही, पटकन?"

तो हसला. मग कानामागे फ्रेमची दांडी नीट करायला वाकला. बोटं गार होती त्याची.

"श्वास का रोखलाय?"

"सवय झालीय. तुमच्या उत्तरांची वाट बघून बघून."

त्याने शेवटची काच घातली. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं स्वच्छ झाली, आणि त्यांच्या अलीकडे त्याचा चेहराही. भुवईजवळ एक बारीकसा व्रण होता. इतके दिवस मला तो दिसलाच नव्हता...

"आता काय दिसतंय?" त्याने हळूच विचारलं.

"सगळ्यात खालची ओळ," मी ठोकून दिलं.

माझ्यासाठी फ्रेम निवडायला त्याने इतके दिवस लावले, की मी पलीकडच्या दुकानातून घेते अशी धमकी दिली. शेवटी त्याने एक पुढे केली. आरशात पाहिलं आणि मला आणखीच राग आला. इतकी शोभत होती ती मला!

मग रोजचंच झालं. ऑफिस सुटलं की मी दुकानात, कागद मांडीवर, चहा टेबलावर. दुकान बंद करून तो मला बसथांब्यापर्यंत सोडायचा. एकदा वाटेत भुरभुर पाऊस लागला. छत्री एकच, त्याची. ती त्याने अख्खी माझ्या आणि हस्तलिखिताच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत चालला. थांब्यावर आलो. त्याच्या चष्म्यावर थेंब, केसांवर थेंब. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला आतून वाटलं, आता— आता बोलेल.

"मी काय म्हणत होतो..." तो म्हणाला.

"काय?"

"म्हणजे... असं की..."

आणि बस आली. मी चढले. खिडकीतून मागे पाहिलं तर तो छत्री मिटून, पावसात, स्वतःशीच हसत उभा होता. काय हसायचं होतं त्यात?

"त्या मुलाला काही कळतं का गं?" आईने घरी सगळं ऐकून विचारलं.

"सगळं कळतं, आई. तो फक्त सांगत नाही."

अशात दुसऱ्या शहरातल्या एका बड्या प्रकाशनाकडून मला बोलावणं आलं. मोठं पद, स्वतंत्र खोली. लोक हुरळून गेले असते. मला जायचं नव्हतं. आमचं ते कागदांनी कोंदलेलं ऑफिस मला आवडतं, मालकांचं वेड आवडतं, आणि चष्मेवाला... तो तर मला नको तितका आवडायला लागला होता. मुलीच्या जातीने असलं आधी बोलू नये, असं काही मला वाटत नव्हतं. खरं कारण म्हणजे मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून मी त्याच्याकडे गेले आणि विचारलं, "मला तिकडे बोलावलंय. जाऊ का?"

त्याने चष्मा काढला, पुसला, घातला.

"उत्तर कधीपर्यंत द्यायचंय?"

"महिनाअखेरपर्यंत."

"विचार करून सांगतो."

"मी जायचं की नाही, ते तुम्ही विचार करून सांगणार?"

"हो. यावर अगदी नीट विचार करायला हवा," तो म्हणाला. इतक्या मऊ आवाजात, की मला भांडताही येईना.

मी त्या दिवशी स्वतःशीच ठरवून टाकलं. महिनाअखेरपर्यंत हा काही बोलला तर राहायचं. नाही बोलला, तर बॅग भरायची आणि पुन्हा या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. कुणाच्या दुकानात स्टुलावर बसून म्हातारं व्हायचं नव्हतं मला. रोज संध्याकाळी जीव टांगणीला, आणि रोज तो विचारणार काय, तर "चहात साखर बरोबर आहे ना?"

आणि मग एका सकाळी ऑफिसात आले, तर माझ्या खुर्चीत एक परका तरुण पेन्सिलींना टोकं करत बसलेला.

मालक बाहेर आले. डोळे पाणावलेले.

"जा बाई, मोठी हो," ते म्हणाले. "पण हे तू स्वतः सांगायला हवं होतंस मला."

"काय सांगायला हवं होतं?"

"तू सोडून चाललीस ते! आपले लेखक म्हणाले, ती महिनाअखेर जाणार, तेव्हा शेवटचं प्रकरण लवकर देतो. मग मी हा नवा मुलगा बघून ठेवला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तरुणाच्या हातातली पेन्सिल हिसकावून घेतली— ती माझी होती— आणि तशीच निघाले.

दुकानात एक आजी तपासणीच्या खुर्चीत बसल्या होत्या. नाकावर ती जड फ्रेम, एका डोळ्यावर झाकण.

"मी चाललेय असं तुम्ही मालकांना सांगितलंत?"

"हो," चष्मेवाला म्हणाला. "सांगायचं नव्हतं का?"

"मी जाणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी... पाहिलं ना. सगळ्या बाजूंनी." त्याने कपाटामागच्या पटाकडे हात केला. "इथे राहिलात तर जन्मभर कुलपांचे ग्रंथ काढत बसाल. दोन वर्षांनी पस्तावाल. जाणं हीच तुमची सगळ्यात चांगली खेळी आहे. तुम्ही तीच खेळणार."

माझी खेळी! पत्राने खेळणाऱ्यांची एक पद्धत असते. ते घरी पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळून बघतात. आपली खेळी, मग समोरच्याची, मग आपली. त्यातून कधीकधी एक अजब घोटाळा होतो. एखादा घरच्या पटात इतका बुडतो, की समोरच्याचं उत्तर अजून आलेलंच नाही हे विसरतो, आणि त्याच्या पुढची आपली खेळी टपालात टाकून मोकळा होतो. चुकांच्या प्रकरणात त्याने हे लिहिलं होतं. मी समासात लिहिलं, 'असा मूर्ख असू शकतो?' त्याने खाली लिहून पाठवलं, 'असतो.'

"म्हणजे माझ्या खेळ्याही तुम्हीच खेळलात!" मी ओरडले. "मला न विचारता!"

"अगं, तो तुझ्या भल्यासाठीच—" आजी म्हणाल्या.

"आजी, तुम्ही खालची ओळ वाचा."

आजी निमूटपणे भिंतीकडे वळल्या.

"आणि मी गेल्यावर तुम्ही काय करणार होतात? मला कार्डं पाठवणार होतात?"

"कार्डं कशाला?" तो गोंधळून म्हणाला. "मी पण येणार ना."

"कुठे?"

"तुमच्याबरोबर. तिकडे दुकानाला जागा बघून आलो परवा. चांगला उजेड आहे. आणि हे सोडतोय म्हणून घरमालकांना सांगितलंय."

मी मटकन स्टुलावर बसले.

"तुम्ही माझ्याबरोबर... पण का?"

"का म्हणजे? लग्न झाल्यावर वेगवेगळ्या शहरांत कसं राहणार आपण?"

आजींनी डोळ्यावरचं झाकण काढलं.

"काय झाल्यावर?" मी विचारलं.

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो मनात एकेक दिवस मागे जात, काहीतरी शोधत होता, आणि ते त्याला सापडत नव्हतं.

"मी... विचारलं होतं ना तुम्हाला? पाऊस होता. बसथांब्यावर. मी म्हणालो, मी काय म्हणत होतो..."

"आणि बस आली!"

"आणि तुम्ही—"

"मी बसमध्ये चढले!"

"मग 'हो' कोण म्हणालं?" त्याने खरोखर, अगदी मनापासून विचारलं.

"तुमच्या पटावरची मी!"

आजींना हसू फुटलं. मला मात्र रडू येत होतं आणि संतापही, दोन्ही एकदम. "रोज वाटायचं, आज बोलेल. रोज! घरी जाऊन उशीत तोंड खुपसायचे मी. आणि तुम्ही इकडे लग्न करून संसारालाही लागलात? एकटेच?"

तो खाली मान घालून उभा.

"कसा चाललाय संसार?" मी खेकसले.

"चांगला," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही रोज भांडता."

मी कपाळाला हात लावला.

"मला जायचंच नव्हतं," मी म्हटलं. "जाऊ का म्हणून विचारलं, ते तू 'जाऊ नकोस' म्हणावंस म्हणून. एवढं साधं! एवढं पाहिलंस, सगळ्या बाजूंनी, आणि हे नाही दिसलं?"

"दिसलं होतं," तो हळूच म्हणाला. "सगळ्यात आधी तेच दिसलं. पण ते फारच... माझ्या सोयीचं होतं. सोयीची खेळी दिसली की मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही."

त्याच्याकडे बघितलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हणजे गेला नाही. होता तिथेच होता, पण त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं. हा वेडा माणूस मला हवा होता. माझ्यासाठी अख्खं दुकान उचलून न्यायला निघालेला आणि ते मला सांगायचंच विसरलेला.

"ऊठ," मी म्हटलं. तो उभाच होता. "म्हणजे नीघ. आधी घरमालकांकडे जा आणि दुकान परत मिळव. मी ऑफिसात जाऊन त्या पोराला माझ्या खुर्चीतून उठवते. कुठे राहायचं ते मी ठरवणार. मी इथेच राहतेय."

तो तडक निघाला. छत्री नाही, दाराला कुलूप नाही, विचार तर नाहीच नाही.

"आणि माझे डोळे?" आजींनी विचारलं.

"चांगले आहेत, आजी. सगळं तर बघितलंत."

काचेतून तो रस्ता ओलांडताना दिसला. आणि बरोबर मध्यावर थांबला! दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजायला लागले. एक स्कूटरवाला काहीतरी बोलून गेला. हा तिथेच उभा, जमिनीकडे बघत. इतक्यात तो वळला आणि धावत परत आला. दार ढकललं. धाप लागली होती.

"आता काय राहिलं?"

"तुम्ही अजून सांगितलं नाहीत."

"काय सांगितलं नाही?"

"इथे राहणार म्हणालात. दुकान परत मिळव म्हणालात. पण लग्नाचं... ते काहीच म्हणाला नाहीत. मी घरमालकांशी काय बोलायचं, तुम्ही मग काय म्हणाल, सगळं मनात ठरवत चाललो होतो, आणि एकदम लक्षात आलं—" तो श्वास घ्यायला थांबला. "मी अजून नीट विचारलेलंही नाही. विचारतो. माझ्याशी लग्न कराल? मला तुम्ही फार आवडता. हेही मी सांगितलं नव्हतं, ना?"

"नाही."

"वाटलंच. तर... सांगतोय. आणि तुमचं उत्तर येईपर्यंत मी पुढे काही करणार नाही. दुकान गेलं तर जाऊ दे."

तो दारातच थांबला. हात खाली सोडलेले, नजर माझ्यावर. कपाटामागच्या पटाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

त्याला ताटकळत ठेवायचा मला पुरेपूर हक्क होता. महिनाअखेरपर्यंत, पुढच्या महिनाअखेरपर्यंत. आजीसुद्धा मला डोळ्यांनी तेच खुणावत होत्या. पण वाट बघणं मला जमत नाही, आणि दुसऱ्याला वाट बघायला लावणंही जमत नाही.

"हो," मी म्हटलं. "हो, बाबा, हो! आता पळ, नाहीतर घरमालक दुकान दुसऱ्या कुणाला देऊन बसतील."

तो हलला नाही.

"ऐकू आलं ना?"

"आलं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण पुन्हा एकदा म्हणाल? पटावरच्या 'हो'ला आवाज नव्हता."

मी पुन्हा म्हटलं.